स्पॅनिशमधील आत्मवाचक क्रियापदे आणि वर्तमानकाळातील स्वरविकार

'मे स्येन्तो ब्येन' या स्पॅनिश वाक्याचे दोन अर्थ होतात. 'मला बरे वाटते' हा एक, आणि 'मी नीट बसतो' हा दुसरा. वाक्य तेच, उच्चार तोच, लेखनही तेच. मात्र वक्ता एकटा न राहता आणखी कोणी त्याच्याबरोबर आले, की ही संदिग्धता तत्काळ नाहीशी होते. 'आम्ही नीट बसतो' म्हणावयाचे असल्यास 'नोस सेन्तामोस ब्येन' असे म्हणावे लागते आणि 'आम्हांला बरे वाटते' म्हणावयाचे असल्यास 'नोस सेन्तीमोस ब्येन'. म्हणजे 'सेन्तार्से' (बसणे) व 'सेन्तीर्से' (वाटणे) ही व्युत्पत्तीने व अर्थाने सर्वस्वी भिन्न असलेली दोन क्रियापदे प्रथमपुरुषी एकवचनात एकमेकांत मिसळतात आणि बहुवचनात पुन्हा वेगळी होतात.

या छोट्याशा उदाहरणात स्पॅनिश क्रियापदविचारातील दोन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. पहिली म्हणजे 'मे', 'ते', 'से', 'नोस', 'ओस' ही कर्त्याकडेच परत वळणारी सर्वनामे; दुसरी म्हणजे धातूतील 'ए'चा 'ये', 'ओ'चा 'वे' किंवा 'ए'चा 'ई' होणे. पाठ्यपुस्तकांत ही दोन स्वतंत्र प्रकरणे असतात. पहिल्यास आत्मवाचक क्रियापदे म्हणतात. दुसऱ्याची बोळवण 'अनियमित' या विशेषणाने होते आणि विद्यार्थ्याने ती रूपे पाठ करावी अशी अपेक्षा असते. इंग्रजी माध्यमातून स्पॅनिश शिकविणाऱ्या पुस्तकांत तर बदललेल्या चार रूपांभोवती रेघ ओढून बुटाचे चित्र काढण्याची प्रथा आहे. चित्र लक्षात राहते, कारण लक्षात येत नाही. मराठी भाषकाला मात्र कारण समजून घेण्याची साधने त्याच्या स्वतःच्या भाषेत आणि संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत उपलब्ध आहेत. त्याच साधनांमुळे त्याची दिशाभूल होण्याचा संभवही आहे, आणि म्हणूनच हा विषय जरा बारकाईने पाहण्याजोगा आहे.

प्रथम रूपे पाहू. 'आकोस्तार्से' म्हणजे निजणे, आडवे होणे. त्याची स्वार्थी वर्तमानकाळाची रूपे अशी: 'मे आक्वेस्तो' (मी निजतो), 'ते आक्वेस्तास' (तू निजतोस), 'से आक्वेस्ता' (तो किंवा ती निजते), 'नोस आकोस्तामोस' (आम्ही निजतो), 'ओस आकोस्ताइस' (तुम्ही निजता), 'से आक्वेस्तान' (ते निजतात). आदरार्थी 'उस्तेद' हे सर्वनाम अर्थाने द्वितीयपुरुषी असले तरी तृतीयपुरुषी रूप घेते, म्हणून 'उस्तेद से आक्वेस्ता'. मराठीत 'आपण' हे जसे आदरार्थी होते तशीच ही काहीशी वळणाची वाट आहे. सहा रूपांपैकी चारांत 'ओ'चा 'वे' झाला आहे, दोहोंत झालेला नाही. ज्या चारांत विकार झाला आहे त्यांत आघात धातूवर पडतो. ज्या दोहोंत तो झालेला नाही त्यांत आघात प्रत्ययावर, म्हणजे 'ता' या अक्षरावर पडतो. एवढाच नियम आहे. क्रियापदाच्या पुरुषाशी, वचनाशी किंवा अर्थाशी या विकाराचा साक्षात संबंध नाही.

हा आघात असा विषम का, याचे उत्तर लॅटिनमध्ये सापडते. लॅटिनचा आघातनियम छंदःशास्त्र जाणणाऱ्यास परका वाटणार नाही: शब्दातील शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, आणि ते लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर, दोन अक्षरांच्या शब्दात तो पहिल्या अक्षरावरच. 'झोपणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाची 'दोर्मिओ, दोर्मीस, दोर्मित, दोर्मीमुस, दोर्मीतिस, दोर्मिउन्त' ही रूपे या नियमाने म्हणून पाहावीत. 'दोर्मीमुस' व 'दोर्मीतिस' यांत 'मी' दीर्घ असल्यामुळे आघात तेथे जातो. 'दोर्मिउन्त' मध्ये 'मि' ऱ्हस्व असल्यामुळे तो मागे 'दोर्' वर येतो. लॅटिनमध्ये या हालचालीने स्वराच्या गुणात फरक पडत नव्हता. पुढे बोलीतील लॅटिनमध्ये स्वरांची दीर्घता लोपली आणि तिच्या जागी विवृत-संवृत असा भेद आला. मूळचे ऱ्हस्व 'ए' व 'ओ' विवृत झाले, आणि कास्तीलच्या बोलीत आघाताखाली सापडलेले हे दोन विवृत स्वर दुभंगून 'ये' व 'वे' झाले. आघात नसेल तेथे ते साधे 'ए' व 'ओ' राहिले. 'मे द्वेर्मो', 'ते द्वेर्मेस', 'से द्वेर्मे', 'से द्वेर्मेन'. परंतु 'नोस दोर्मीमोस', 'ओस दोर्मीस'.

हा बदल क्रियापदांपुरता नव्हता, ही गोष्ट शिकविताना बहुधा सांगितली जात नाही. 'प्वेर्ता' म्हणजे दार, पण दारवान 'पोर्तेरो'. 'त्येर्रा' म्हणजे भूमी, पण जमिनीचा तुकडा 'तेर्रेनो'. सात 'स्येते', सत्तर 'सेतेन्ता'. नऊ 'न्वेबे', नव्वद 'नोबेन्ता'. चांगला 'ब्वेनो', चांगुलपणा 'बोन्दाद'. संख्यावाचकांस कोणी अनियमित म्हणत नाही. मग त्याच ध्वनिनियमाने घडलेल्या क्रियापदासच तो शिक्का का लागावा, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर तो रास्तच होय.

मूळ स्वर कोणता होता यावरच सारे अवलंबून असल्यामुळे आज वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन क्रियापदांची वाट वेगळी होऊ शकते. 'पेर्देर्से' म्हणजे वाट चुकणे, हरवणे. 'आत्रेबेर्से' म्हणजे धाडस करणे. दोहोंत 'ए' आहे आणि दोन्ही एकाच गणातील आहेत. तरी 'मे प्येर्दो' मात्र 'मे आत्रेबो'. पहिल्यातील 'ए' लॅटिनच्या ऱ्हस्व 'ए'पासून आला, दुसऱ्यातील ऱ्हस्व 'इ'पासून. आजच्या भाषेत या दोन 'ए'कारांमध्ये काडीचाही फरक उरलेला नाही; पूर्वेतिहास केवळ आघाताखाली प्रकट होतो. त्यामुळे कोशात दिलेल्या मूळ रूपावरून विकार होणार की नाही हे निश्चित सांगता येत नाही. भाषकांच्या मनात मात्र काही अंदाज असतात. ऑल्ब्राइट, आन्द्रादे व हेज यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कल्पित क्रियापदे पुढे ठेवून असे दाखविले की, शेजारच्या ध्वनींवरून भाषक विकाराची शक्यता कमीअधिक मानतात. मातृभाषिकांतही डळमळ आढळते. 'आप्रेतार' (आवळणे) याचे शिष्टसंमत रूप 'आप्र्येतो' असे असताना लोकभाषेत 'आप्रेतो' ऐकू येते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. मूळ रूपावरून विकारी रूप ओळखणे अवघड. परंतु विकारी रूपावरून अविकारी रूप ओळखणे पुष्कळच सोपे. 'मे देस्प्येर्तो' (मी जागा होतो) हे ठाऊक असेल तर 'नोस देस्पेर्तामोस' आपोआप येते. म्हणून नवे क्रियापद शिकविताना प्रथमपुरुषी एकवचनाचे रूप आधी द्यावे हे श्रेयस्कर. अपवाद आहेत. 'इन्क्येतार्से' (अस्वस्थ होणे) हे 'इन्क्येतो' या विशेषणावरून साधलेले असल्याने त्यातील 'ये' अढळ आहे, 'नोस इन्क्येतामोस' असेच म्हणावे लागते. 'खुगार' (खेळणे) याचे 'ख्वेगो' होते, तेथे मूळ रूपात 'ओ' नसून 'उ' आहे. पण असे अपवाद बोटांवर मोजण्याइतके आहेत.

आता मराठी भाषकाच्या वाटेतील खाचखळग्यांकडे वळावयास हरकत नाही. धातूतील स्वर बदलणे मराठीस नवीन नाही. 'तुटणे–तोडणे', 'फुटणे–फोडणे', 'सुटणे–सोडणे', 'पडणे–पाडणे', 'मरणे–मारणे' या जोड्या प्रत्येकाच्या तोंडी आहेत. परंतु येथे स्वर बदलला की अकर्मकाचे सकर्मक होते. स्वरभेद हाच अर्थभेदाचा वाहक आहे. हा संस्कार घेऊन स्पॅनिशकडे गेलेला विद्यार्थी 'आकोस्ता–' व 'आक्वेस्ता–' यांत असाच काही अर्थभेद शोधू लागतो, आणि सर्वनाम व स्वरविकार नेहमी एकत्र पाहिल्यामुळे स्वरविकार हा आत्मवाचकतेचाच परिणाम असावा अशी त्याची समजूत होते. ती सर्वस्वी चूक आहे. 'आक्वेस्तो आल नीन्यो' म्हणजे 'मी मुलाला निजवितो'. येथे आत्मवाचक सर्वनाम नाही, तरी विकार आहे. 'मे लेबान्तो' म्हणजे 'मी उठतो'. येथे सर्वनाम आहे, विकार नाही. एक गोष्ट वाक्यार्थाची, दुसरी केवळ ध्वनीची.

मराठीतून दृष्टान्तच द्यावयाचा तर तो 'तुटणे–तोडणे' यांचा न देता 'मूल–मुलाला', 'दूध–दुधात', 'पीठ–पिठाचे' यांचा द्यावा. शब्द उपान्त्य दीर्घ स्वरासह उभा असतो. प्रत्यय लागून अक्षरांची संख्या वाढली की तोच स्वर ऱ्हस्व होतो. 'माणूस' याचे 'माणसाला' होताना तर स्वर उरतच नाही. या बदलाने अर्थात काडीइतका फरक पडत नाही, आणि मराठी मुलास तो कोणी शिकवावा लागत नाही. शुद्धलेखनाच्या तासाला तो केवळ जाणिवेच्या पातळीवर येतो. 'आक्वेस्तो–आकोस्तामोस' हा प्रकार याच जातीचा होय.

संस्कृतज्ञास आणखी जवळचा दृष्टान्त सापडतो. 'द्वेष्मि, द्वेक्षि, द्वेष्टि' या एकवचनी रूपांत धातूस गुण होतो, 'द्विष्वः, द्विष्मः' यांत होत नाही. आणि वैदिक स्वरप्रक्रियेत पहिल्या तिहींत उदात्त धातूवर तर पुढील दोहोंत प्रत्ययावर असतो. आघात व सबल अंग यांची सांगड येथेही आहे. साम्य मनोहर आहे, पण त्याच्या मोहात फार खोल जाऊ नये. संस्कृतात तृतीयपुरुषी बहुवचन 'द्विषन्ति' हे दुर्बल अंगाचे आहे, स्पॅनिशमधील 'से आक्वेस्तान' सबल अंगाचे. शिवाय गुण हा मूळ इंडोयुरोपीय भाषेचा वारसा, तर स्पॅनिश द्विस्वर ही रोमन साम्राज्याच्या अस्तानंतरच्या भाषेची निर्मिती. एकाच प्रकारच्या कारणाने दोन भाषांत स्वतंत्रपणे घडलेली ही समान गोष्ट आहे, एवढेच म्हणता येईल.

सर्वनामाच्या बाबतीत संस्कृत परंपरा याहूनही अधिक उपयोगी पडते. क्रियेचे फल कर्त्याकडे जात असता आत्मनेपद योजावे, असा पाणिनीचा नियम आहे (अष्टाध्यायी 1.3.72). यजमान स्वतःसाठी यज्ञ करी तेव्हा 'यजते', ऋत्विज दुसऱ्यासाठी करी तेव्हा 'यजति'. स्पॅनिशने हेच कार्य प्रत्ययाऐवजी सर्वनामाकडे सोपविले आहे: 'बीस्तो आल नीन्यो' म्हणजे मुलाला कपडे घालतो, 'मे बीस्तो' म्हणजे स्वतः कपडे घालतो. ज्याप्रमाणे 'लभ्', 'सेव्' हे धातू केवळ आत्मनेपदीच असतात, त्याप्रमाणे 'आर्रेपेन्तीर्से' (पश्चात्ताप होणे) हे क्रियापद सर्वनामावाचून येतच नाही. 'मे आर्रेप्येन्तो' असेच म्हणावे लागते, आणि 'मी कोणास पश्चात्ताप करवितो' या अर्थी सर्वनाम गाळून चालत नाही. आत्मनेपद जसे नेहमीच फलाच्या विचाराने समजावून सांगता येत नाही, तसेच येथेही. जाता जाता सांगावयाचे तर 'से' आणि संस्कृत 'स्व' यांचे मूळ एकच. मराठीतील 'स्वतः' हा त्याचा दूरचा सोयरा, तर 'आपण' हा 'आत्मन्'चा वंशज.

तथापि मराठी आणि स्पॅनिश यांतील खरा भेद दिशेचा आहे. मराठीत 'निजणे' हे मूळ आणि 'निजविणे' हे साधित. 'बसणे' मूळ, 'बसविणे' साधित. 'उठणे' मूळ, 'उठविणे' साधित. स्पॅनिशमध्ये याच्या नेमके उलट आहे. 'आकोस्तार' म्हणजे निजविणे, 'सेन्तार' म्हणजे बसविणे, 'लेबान्तार' म्हणजे उठविणे. या सकर्मकांना 'से' जोडला की निजणे, बसणे व उठणे निष्पन्न होतात. निकल्स, पीटर्सन व बार्न्स यांनी 2004 साली भाषांची सकर्मक घडविणाऱ्या व अकर्मक घडविणाऱ्या अशी जी विभागणी मांडली तिच्या दृष्टीने या जोड्या दोन विरुद्ध टोकांच्या ठरतात. म्हणूनच 'मी बसतो' या साध्या वाक्याचे भाषांतर करताना सर्वनाम गळणे ही मराठी विद्यार्थ्याची स्वाभाविक चूक होय. त्याच्या दृष्टीने बसण्यात 'स्वतःला' म्हणण्यासारखे काही नाहीच. त्याने 'स्येन्तो' एवढेच म्हटले, तर ऐकणारा कोणाला बसवितोस किंवा तुला काय जाणवते असा विचार करीत राहील.

याच्या उलट बाजूची चूक 'मे' या शब्दाने होते. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडते'. येथे 'मे' व 'मला' यांचा मेळ अगदी चोख बसतो, क्रियापद दोन्हीकडे तृतीयपुरुषी राहते. 'मे द्वेले ला काबेसा' म्हणजे 'माझे डोके दुखते'. येथेही क्रियापद डोक्याशी जुळते. विद्यार्थी हे आनंदाने स्वीकारतो आणि 'मला वाटते', 'मला झोप लागते' यांच्या नमुन्यावर पुढील रूपेही तृतीयपुरुषात घालतो. तेथे तो फसतो. 'मे स्येन्तो', 'मे द्वेर्मो' यांत क्रियापद प्रथमपुरुषी आहे, कारण 'मे' हा अनुभव घेणारा संप्रदान नसून कर्त्याचेच प्रतिबिंब आहे. कसोटी सोपी आहे. सर्वनाम आणि क्रियापदाचा प्रत्यय एकाच पुरुषाचे असतील तर क्रियापद आत्मवाचक. भिन्न असतील तर नाही. 'मे द्वेले' आणि 'मे द्वेर्मो' ही जोडी शेजारी ठेवून शिकवावी. दोहोंत 'मे' आहे, दोहोंत 'ओ'चा 'वे' झाला आहे, आणि तरीही एकच आत्मवाचक आहे.

'दोर्मीर' व 'दोर्मीर्से' यांतील अर्थभेद मराठीस चांगला कळतो: पहिले म्हणजे झोपणे, दुसरे म्हणजे झोप लागणे, डोळा लागणे. येथे 'से' क्रियेचे फल कोणाकडे जाते हे न सांगता अवस्थेत प्रवेश झाल्याचे सांगतो. मराठी हे काम संयुक्त क्रियापदांकडून करून घेते. आणखी एका ठिकाणी मराठी भाषक इंग्रजी भाषकापेक्षा सुदैवी ठरतो. 'मे काल्येन्तो लास मानोस' म्हणजे 'मी हात शेकतो'. 'माझे हात' म्हणण्याची गरज स्पॅनिशलाही नाही, मराठीलाही नाही. तरीही इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकणारा विद्यार्थी 'माझे' घालतो, तो दोष त्याच्या मातृभाषेचा नव्हे.

राहता राहिला तिसरा विकार, 'ए'चा 'ई' होण्याचा: 'मे बीस्तो, ते बीस्तेस, से बीस्ते, नोस बेस्तीमोस, ओस बेस्तीस, से बीस्तेन'. हा विकार 'ईर'कारान्त क्रियापदांतच आढळतो. वर्तमानकाळात त्याची रूपे आघाताच्याच नियमाने विभागलेली दिसतात, म्हणून पुस्तके त्याला पहिल्या दोघांच्या पंक्तीस बसवितात. वस्तुतः नियम निराळा आहे. पुढील अक्षरात आघातयुक्त 'ई' असेल तर धातूत 'ए' राहतो, अन्यथा 'ई' येतो. संभावनार्थात हे उघड होते. तेथे 'नोस आकोस्तेमोस' मध्ये आघात नसल्यामुळे 'ओ' कायम राहतो, पण 'नोस बीस्तामोस' मध्ये आघात नसूनही 'ई' येतो. 'सेन्तीर्से' तर दोन्ही नियम पाळते: 'मे स्येन्तो' मध्ये द्विस्वर, 'नोस सीन्तामोस' मध्ये 'ई'. 'सेन्तार्से'चे त्याच ठिकाणचे रूप 'नोस सेन्तेमोस'.

आघाताचा नियम खरा आहे याची उत्तम साक्ष आर्जेन्तिना, उरुग्वाय व पाराग्वाय या देशांतील स्पॅनिश देते. तेथे 'तू'च्या जागी 'बोस' वापरतात आणि क्रियापदाचा आघात अन्त्य अक्षरावर जातो. परिणामी 'ते आक्वेस्तास' ऐवजी 'ते आकोस्तास', 'ते स्येन्तास' ऐवजी 'ते सेन्तास', 'ते द्वेर्मेस' ऐवजी 'ते दोर्मीस'. पुरुष तोच, वचन तेच, अर्थ तोच. आघात हलला आणि द्विस्वर नाहीसा झाला. बुटाचे चित्र येथे एका बाजूने उसवते. सर्वनाम मात्र 'ते' हेच राहते, म्हणजे 'बोस'चे क्रियापद आणि 'तू'चे सर्वनाम असा तो संकर आहे. अमेरिका खंडात 'तुम्ही' या अर्थी सर्वत्र 'उस्तेदेस से आक्वेस्तान' असल्यामुळे 'ओस' असलेली रूपे तेथील विद्यार्थ्यास केवळ ओळखता आली तरी पुरे.

गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा होती, आणि ती शिकलेल्या वा घरी ऐकलेल्या व्यक्तीस स्पॅनिश सोपी जाते हे खरे. या एका बाबतीत मात्र तिने सावध राहावे. पोर्तुगीजने 'पोर्ता', 'तेर्रा' हे शब्द दुभंगविले नाहीत, आणि वाक्यारंभी सर्वनाम तेथे क्रियापदानंतर येते. त्यामुळे 'मी बसतो' व 'मला वाटते' यांसाठी पोर्तुगीजमध्ये अनुक्रमे 'सेन्तु-मे' व 'सिन्तु-मे' असे दोन स्वच्छ निराळे शब्द आहेत. पहिल्यात 'ए' तसाच राहिला, दुसऱ्यात त्याचा 'इ' झाला. ज्या द्विस्वराने स्पॅनिशमध्ये ही दोन क्रियापदे एकरूप केली तो पोर्तुगीजमध्ये आलाच नाही, म्हणून तेथे 'मे स्येन्तो ब्येन'ची संदिग्धताही नाही. स्पॅनिश ऐकणाऱ्यास ती संदर्भावरून सोडवावी लागते: पुढे खुर्चीचा उल्लेख आला तर बसणे, थकव्याचा आला तर वाटणे.